आकडा सांगण्याचं काम : लातूरच्या एका वर्कशॉपमधल्या प्रकल्प नोंदी

सोमवार, 5 ऑगस्ट 2024

प्रकल्प: तुरीचा हंगाम लागायच्या आत टेबलावर अडकून पडलेली कामं मोकळी करणं. मुदत नोव्हेंबरअखेर.

ही मुदत आपोआप ठरलेली आहे. नवी तूर डिसेंबरच्या शेवटी, जानेवारीत लातूरच्या बाजारात येऊ लागते. त्याआधी डाळमिलवाले रोलर, चाळण्या, एलिव्हेटर (दाणा वर चढवणारं यंत्र) नीट करून घेतात. आम्ही डाळमिलची यंत्रं बनवतो आणि दुरुस्त करतो, त्यामुळे आमची खरी कमाई दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत. तेव्हा टेबलाकडे बघायला उसंत नसते.

आज टेबलावर काय आहे ते लिहून काढलं. उदगीरच्या एका मिलला एलिव्हेटर आणि डी-स्टोनरचं (दाण्यातले खडे वेगळे काढणारं यंत्र) कोटेशन द्यायचंय, त्यांचा निरोप जूनमध्ये आलेला. लातुरातल्याच एका जुन्या मिलकडे 2022 च्या हंगामापासूनचे 1,86,000 रुपये येणं आहे. रोलरवर एमरी (साल काढणारा खरखरीत थर) चढवायच्या मजुरीचं दरपत्रक कुठे लिहिलेलंच नाही. मार्चमध्ये घेतलेल्या लेथचा जीएसटी, 1,15,200 रुपये, आमच्या 2बी मध्ये (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारं पत्रक) दिसत नाही, म्हणून त्याची वळती घेता येत नाही. वर्कशॉपचा विमाही करायचा राहिलाय. बाकी किरकोळ.

एक गोष्ट आधीच नोंदवून ठेवतो. मागच्या आठवड्यात औसा रोडच्या एका मिलचा शाफ्ट रात्री अकराला तुटला. मामा (आमचे फोरमन, वडिलांच्या वेळेपासूनचे) आणि मी रात्रभर लेथवर उभे राहून नवा शाफ्ट काढला आणि उजाडायच्या आत मिलमध्ये बसवून दिला. त्याच आठवड्यात उदगीरच्या कोटेशनचा कागद कोरा राहिला. आळशी माणूस रात्री दोन वाजता शाफ्टला फिनिशिंग देत बसत नाही. तेव्हा ‘आळस सोडा’ हा उपाय इथे लागू पडणार नाही. कारण दुसरं काहीतरी आहे, आधी ते सापडलं पाहिजे.

सोमवार, 12 ऑगस्ट

आठवडाभर फक्त टिपून ठेवलं: कोणतं काम त्याच दिवशी होतं, कोणतं उद्यावर जातं.

त्याच दिवशी होणारी: जे काही तुटतं ते. जो ट्रक दारात उभा राहतो तो. मामांनी हाक मारली की ते. जीएसटीआर-1 (विक्रीच्या बिलांचं विवरण) सुद्धा वेळेत गेलं, कारण 11 तारीख सरकारची आहे. 3बी (महिन्याचा कर भरायचं विवरण) 20 तारखेला जाईल. तिथे उशिराला दिवसाला 50 रुपये आणि थकलेल्या करावर 18 टक्के व्याज आहे, म्हणून कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही.

उद्यावर जाणारी: जिथे मशीन नाही आणि तारीखही नाही.

धाकट्या भावाचं म्हणणं, ‘दादा, हे तर सगळ्यांचंच असतं.’ असेल. पण जूनचं कोटेशन ऑगस्टात गेलं तर ती ऑर्डर दुसऱ्याच्या शेडमध्ये जाते, आणि इथे पाच घरं चालतात.

सोमवार, 19 ऑगस्ट, राखी पौर्णिमा

ताई परभणीहून आली. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. जेवणं झाल्यावर तिला ही वही दाखवली.

तिने सांगितलं ते इथे उतरवून ठेवतो, कामाचं आहे. चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न आहे असं लोक धरून चालतात, म्हणून डायऱ्या आणि ॲप घेतात. फ्युशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये मांडलं की हा मनःस्थिती सांभाळण्याचा प्रश्न आहे. एखाद्या कामाचा विचार आला की जे नको वाटतं, भीती, संकोच, कंटाळा, त्यातून तात्पुरती सुटका हवी म्हणून आपण काम पुढे ढकलतो. आजचा मी सुटतो आणि उद्याच्या माझ्यावर तेच काम दुप्पट ओझ्यानं येऊन बसतं.

‘तू काम टाळत नाहीस रे,’ ती म्हणाली, ‘त्या कामानं पोटात जो गोळा येतो, तो टाळतोस. तो गोळा कशाचा आहे ते शोध आधी.’

मी म्हटलं, प्रत्येक कामाचा वेगळा असेल. ती म्हणाली, ‘बघ. बहुतेक एकच निघेल.’

गुरुवार, 22 ऑगस्ट

ताईचं म्हणणं खरं निघालं, आणि ते सापडलं चुलतभावाच्या आडत दुकानात.

बेल्टच्या चौकशीसाठी मार्केट यार्डात गेलो होतो. दुकानात मुनीमकाका हिशोबपट्टी करत होते. निलंग्याकडचा एक शेतकरी समोर बसलेला, त्याच्या शिल्लक सोयाबीनचा नुकताच सौदा झालेला. काकांनी वजन लिहिलं, भाव लिहिला, गुणाकार केला, हमाली आणि तोलाई वजा केली आणि कागद फिरवून त्याच्यापुढे धरला. बोट ठेवून एकेक ओळ वाचून दाखवली. शेवटच्या आकड्यापाशी थांबले. शेतकऱ्याला भाव कमी वाटत होता, तसं तो बोललाही. काकांनी मान हलवली, पण बोट आकड्यावरून काढलं नाही. मग त्याने सही केली, पैसे मोजून घेतले आणि चहा पिऊन गेला.

मी विचारलं, ‘काका, अशी नाराज माणसं दिवसभर समोर बसतात. जड जात नाही का?’

ते म्हणाले, ‘माणूस समोर बसलाय तवाच आकडा सांगून टाकायचा, मालक. माणूस उठून गेला की आकडा जड व्हायला लागतो. रात्र गेली की अजून जड.’

परत येताना पाच तारखेची यादी गाडीतच पुन्हा वाचली. कोटेशन म्हणजे उदगीरच्या शेठना आकडा सांगणं. थकबाकी म्हणजे त्या जुन्या मिलच्या मालकाला, वडिलांच्या मित्राला, आकडा सांगणं. दरपत्रक म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांना एकदम आकडा सांगणं. लेथचा जीएसटी म्हणजे पुरवठादाराला ‘तुमच्याकडून एवढे अडकलेत’ असं सांगणं. सगळीकडे माणसाच्या तोंडावर एक आकडा ठेवायचा आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते सोसायचं आहे. लोखंडाचा चेहरा पडत नाही, म्हणून लोखंडाची कामं रात्री दोनलाही होतात.

माझ्या मते छोट्या धंद्यात मालकाचं म्हणून जे काम उरतं ते नेमकं हेच. वेल्डिंग वेल्डर करतो, टर्निंग मामा करतात. आकडा मात्र मालकालाच सांगावा लागतो. आणि मालकाला ते नको असेल तर लपायला वर्कशॉपसारखी जागा नाही, कारण तिथे खरोखरच काम असतं. हातात ग्राइंडर घेतलेल्या माणसाला कुणी ‘काय टाळायलास?’ असं विचारत नाही.

सोमवार, 26 ऑगस्ट

आजपासून व्यवस्था अशी. सकाळी नऊ ते दहा वर्कशॉपमध्ये थांबायचं नाही. शेडमध्ये असलो की आवाजावरूनच कळतं कुठली मशीन कशी चाललीय, आणि पाय तिकडे वळतात. म्हणून हा तास आडत दुकानाच्या मागच्या खोलीत. चुलतभावाने आनंदाने जागा दिली. मामांना सांगितलं, नऊ ते दहा निर्णय तुमचा. मामांनी विचारलं, ‘आणि चुकला तर?’ म्हटलं, चुकला तर दहाला आल्यावर दोघं मिळून निस्तरू.

पहिला तास उदगीरच्या कोटेशनला. ते इतके दिवस का अडलं होतं हे लिहायला बसल्यावरच उलगडलं. डोक्यात कारण होतं, ‘स्टीलचा भाव जरा स्थिरावू दे.’ पण भाव कधीच स्थिर नसतो. भावाची वाट बघणं म्हणजे आकडा न सांगण्याची सभ्य सबब. म्हणून कोटेशनच्या खाली एक ओळ टाकली: ‘हा दर आजपासून 15 दिवसांपुरता, पुढे स्टीलच्या भावाप्रमाणे फरक पडेल.’ या ओळीने अर्धं काम केलं. आकडा आता कायमचा नाही, पंधरवड्याचा आहे, आणि पंधरवड्याचा आकडा सांगायला छाती लागत नाही.

बाकी नेहमीचं: 36 फूट उंची, बकेट, बेल्ट, हेड पुली, गिअर मोटर, वरचं छत्र आणि खालचा बूट, अंदाजे वजन, मजुरी, वाहतूक, बसवणी. मिलमध्ये एलिव्हेटरच्या तोंडाशी धूळ फार उडते, म्हणून सायक्लोनची नळी वेगळी दाखवली, हवी तर घ्या. एका तासात पूर्ण झालं नाही. दुसऱ्या दिवशीच्या तासावर ठेवलं आणि उठलो. हा भाग मला अवघड गेला, कारण हातात घेतलेलं काम तसंच सोडायची सवय नाही. पण तास संपला की उठायचं हे ठरलेलं आहे. नाहीतर उद्या ‘मोकळा अख्खा दिवस मिळाला की बसू’ हे पुन्हा सुरू होतं.

बुधवार, 28 ऑगस्ट

कोटेशन व्हॉट्सॲपवर गेलं आणि लगेच फोनही केला. ताईने सांगितलं होतं, नुसतं पाठवून गप्प बसणं म्हणजे अर्धं टाळणंच. शेठ म्हणाले, ‘बघतो.’

मंगळवार, 3 सप्टेंबर

पोळा आणि पाऊस. दोन दिवस मराठवाडाभर झोडपलं. लाईट नाही, शेडमध्ये मागच्या बाजूने पाणी आलं. टेबलाचं काम शून्य. तास बुडाला तर दुसऱ्या दिवशी दोन तास बसायचं नाही, एकच बसायचं. थकबाकी तासांची वाढवली तर तीही टाळावीशी वाटेल.

उदगीरहून फोन: ‘एलिव्हेटर करा, डी-स्टोनर पुढल्या वर्षी. थोडं कमी करा.’ वाहतुकीत थोडं धरलं, बाकी आकडा तोच ठेवला. ऑर्डर मिळाली.

शुक्रवार, 13 सप्टेंबर

काल महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, आज मोकळं.

आता थकबाकी. हे सगळ्यात कठीण, कारण मिलचे काका वडिलांचे मित्र. मी त्यांच्या मांडीवर खेळलोय.

ताईने फोनवर एक पद्धत सांगितली. पीटर गोलविट्झर हे जर्मन मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि ब्रांडश्टेटर यांनी 1997 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत घरी बसून एक छोटा अहवाल लिहून पाठवायला सांगितला. ज्यांनी आधीच ‘अमुक वेळी, अमुक जागी बसून लिहीन’ असं ठरवून लिहून दिलं होतं, त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश जणांनी वेळेत लिहिला. इतरांतले सुमारे एक तृतीयांश. इच्छा दोघांचीही होती. फरक एवढाच की पहिल्यांना त्या क्षणी पुन्हा काही ठरवायचं राहिलं नव्हतं.

म्हणून माझं वाक्य: ‘बुधवारी सकाळी साडेदहाला मोंढ्यातलं काम उरकलं की तिथूनच काकांच्या मिलवर जायचं, आणि चहा यायच्या आत वही उघडायची.’ शेवटचा भाग महत्त्वाचा. चहा झाला की गप्पा सुरू होतात, वडिलांच्या आठवणी निघतात आणि मग पैशाचं बोलणं उद्धटपणा वाटतो.

बुधवार, 18 सप्टेंबर

काका गादीवर बसले होते. मागे रोलर चालू होता, आमच्याच हातचा. मी बसलो, वही उघडली आणि म्हणालो, ‘काका, 2022 च्या हंगामाचं बिल राहिलंय. एक लाख शहाऐंशी हजार.’

काका काही क्षण गप्प राहिले. रागावले नव्हते, आठवत होते. मग म्हणाले, ‘अरे, तू मागितलंच नाहीस कधी. मला वाटलं, तुझ्या बापानं ताईच्या लग्नात माझ्याकडून चाळीस हजार नेले होते, तू ते धरून हिशोब वळता केलास, अन् बाकीचं तुमचं-आमचं बघून घेऊ.’

मला ही रक्कम माहीतच नव्हती. वडील जाऊन तीन वर्षं झाली. मी म्हणालो, घरी जाऊन वही बघतो आणि संध्याकाळी फोन करतो.

दुपारी आईने कपाटातून वडिलांच्या लाल वह्या काढल्या. त्यांचं मोडी वळणाचं बारीक अक्षर. ताईच्या लग्नाच्या पानावर नोंद मिळाली: काकांकडून 40,000 आणले, पुढच्या दिवाळीत 25,000 परत, बाकी 15,000. बाकीवर खूण नव्हती, म्हणजे ते द्यायचेच होते.

संध्याकाळी काकांना फोन लावून तेच वाचून दाखवलं. 1,86,000 मधून 15,000 वजा, 1,71,000 येणं. काका म्हणाले, ‘पंचवीस परत दिले हे माझ्याही ध्यानात नव्हतं. तुझा बाप हिशोबाला पक्का.’ 57,000 चे तीन चेक ठरले: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. फोन ठेवताना म्हणाले, ‘पोरा, असं लवकर विचारत जा. आमचंही डोकं आता साथ देत नाही.’

ही नोंद जरा लांबली, पण लांबू द्यावीशी वाटते. आपण समजतो की पैसे न मागून नातं जपतोय. प्रत्यक्षात दोन्हीकडे आठवण पुसट होत जाते आणि त्या पुसट जागेत गैरसमज शिरतो. काका मनात एक हिशोब धरून बसले होते, मी दुसरा. आणखी दोन वर्षं गेली असती, दोघांपैकी एक जण राहिला नसता, तर पुढच्या पिढीने हा हिशोब भांडणानेच मिटवला असता.

बुधवार, 25 सप्टेंबर

सीए साहेबांकडे. नव्या बिलांवर काय छापायचं ते ठरवलं.

आमचं उद्यम नोंदणीपत्र आहे, सूक्ष्म उद्योग म्हणून. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, पण जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक रेट सध्या (सप्टेंबर 2024) 6.75 टक्के, म्हणजे वर्षाला 20.25 टक्के. शिवाय 2023-24 पासून आयकर कायद्याच्या कलम 43बी(एच) मुळे, या मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून वजा घेता येत नाही. पैसे देईल त्या वर्षीच घेता येते. त्यामुळे मार्चअखेरीला मिलवाल्यांचे सीएच त्यांना विचारतात, ‘यातले सूक्ष्म-लघु कोण?’

ते व्याज मी काकांकडे मागणार नाही आणि गिऱ्हाइकांवर कायद्याची धाकदपटशाही करायची नाही. उपयोग वेगळा आहे. बिलावर उद्यम क्रमांक आणि ‘देय तारीख’ छापलेली असली की आठवणीचा फोन माझा राहत नाही, कागदाचा होतो. ‘शेठ, बिलावर 10 तारीख आहे’ एवढं भाऊही म्हणू शकतो. आजपासून थकबाकीचे फोन दर शनिवारी भाऊ करेल.

शुक्रवार, 4 ऑक्टोबर

पुतणी बारावीला आहे, नीटची तयारी करते. लातुरात दुसरं काय करणार. रात्री तिचं वेळापत्रक बघत होतो. रोज छोटी चाचणी, आठवड्याला मोठी, निकाल भिंतीवर. लोक लातूर पॅटर्नची कीर्ती हुशारीत शोधतात, पण मला त्याचा कणा या मधल्या तारखांत दिसतो. मे महिन्याची परीक्षा ऑगस्टात कुणालाच खरी वाटत नाही, शनिवारची चाचणी वाटते.

डॅन एरिएली आणि क्लाउस वर्टेनब्रोख यांचा 2002 चा अभ्यास ताईने याच्याशी जोडून सांगितला. एका वर्गाला तीन निबंधांच्या तारखा शिक्षकांनी सारख्या अंतराने ठरवून दिल्या, दुसऱ्या वर्गाला स्वतः ठरवायला सांगितलं. ठरवून दिलेल्या वर्गाला गुण चांगले मिळाले. स्वतः ठरवणाऱ्यांनी मधल्या तारखा घातल्या खऱ्या, कारण आपण ढकलतो हे त्यांना ठाऊक होतं, पण पुरेशा अंतराने घातल्या नाहीत.

म्हणून माझ्या ‘नोव्हेंबरअखेर’चे तुकडे केले आणि तारखा मी न ठरवता मुनीमकाकांना ठरवायला सांगितल्या. त्यांनी आडतीच्या पंचांगातच पेन्सिलने लिहिल्या: दरपत्रक दसऱ्याला. विमा 20 ऑक्टोबरला. लेथचं क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वळती) दिवाळीच्या आत फोन, नोव्हेंबरात पूर्ण. सकाळी मागच्या खोलीकडे जाताना त्यांच्या गादीवरूनच जावं लागतं. ते नुसतं पंचांगाकडे बघतात.

बुधवार, 9 ऑक्टोबर

दरपत्रकावर घरातच वाद. भाऊ म्हणतो, ‘दर लिहून लावले की गिऱ्हाईक फोटो काढून दुसऱ्याला दाखवेल, तो शंभर कमी करेल.’ मामा म्हणतात, ‘वीस वर्षं तोंडी चाललंय. माणूस बघून दर सांगावा.’

दोघांचं म्हणणं टाकाऊ नाही. पण माणूस बघून दर सांगायचा म्हणजे प्रत्येक वेळी मीच हवा, आणि मी शेडमध्ये किंवा बाहेर. रोलर दारात येऊन पडतो, मिलवाला विचारतो ‘किती?’, मामा म्हणतात ‘मालक आल्यावर’. रोलर तसाच राहतो, जाणारा माणूस जातो. ही चालढकल दिसत नाही, कारण ती माझ्या नावावर इतर जण करतात. मालकाने एक आकडा अडवला की पाच माणसांचं काम त्याच्या मागे उभं राहतं.

तोडगा: रोलरच्या लांबी-व्यासाप्रमाणे मूळ दर लिहायचा, एमरीचा जाड दाणा आणि बारीक दाणा वेगळा. जुना थर किती काढावा लागतो ते बघून मामा त्यात पाच टक्के खालीवर करू शकतात. त्यापुढचं माझ्याकडे. मामांना पाच टक्क्यांचा अधिकार मिळाल्यावर त्यांचा विरोध मावळला. मला वाटतं त्यांची तक्रार दरपत्रकाबद्दल नव्हतीच.

शनिवार, 12 ऑक्टोबर, दसरा

यंत्रांची पूजा झाली. लेथला, ड्रिलला, वेल्डिंग सेटला झेंडूच्या माळा. दरपत्रक लॅमिनेट करून दाराजवळच्या खांबाला लावलं, त्यालाही आईने कुंकू लावलं. काकांचा पहिला चेक वटला.

सोमवार, 21 ऑक्टोबर

विमा झाला, पंचांगातल्या तारखेला एक दिवस जाऊन. फॉर्म आणि एक ओटीपी, एवढंच काम होतं. यात कुणाला आकडा सांगायचा नव्हता, तरी अडकलं होतं. यादीत जड कामांच्या शेजारी ठेवलेलं हलकं कामही जड वाटायला लागतं. पुढच्या वेळी वेगळ्या कागदावर.

शनिवार, 26 ऑक्टोबर

लेथच्या पुरवठादाराला फोन. आधी त्यांच्या लेखापालाचा नंबर मिळवला, मालकाशी न बोलता थेट त्यांच्याशीच बोललो. आमचा जीएसटी क्रमांक टाकताना एक अंक चुकून बिल दुसरीकडेच गेलं होतं. ते म्हणाले, ऑक्टोबरच्या जीएसटीआर-1 मध्ये दुरुस्ती टाकतो. 2023-24 चं क्रेडिट घ्यायची शेवटची तारीख 30 नोव्हेंबर, म्हणजे ही एकच गाडी उरलेली आहे. मी त्यांना बिलाची प्रत, आमचा क्रमांक आणि ‘11 नोव्हेंबरच्या आत’ असं एका ओळीत लिहून पाठवलं. 7 तारखेला भाऊ आठवण करेल, आजच ठरवून टाकलं.

गुरुवार, 14 नोव्हेंबर

2बी आलं. बिल दिसतंय. 1,15,200.

सोमवार, 18 नोव्हेंबर

3बी भरलं, क्रेडिट घेतलं. परवा मतदान, कामगारांना सुट्टी, म्हणून आजच.

उदगीरचं एलिव्हेटर गेल्या आठवड्यात बसवून झालं. चाचणीला हरभरा सोडला. बकेटमधून मागे पडत होता, बेल्ट ताणून वेग थोडा कमी केला तेव्हा नीट चढला. शेठनी तिथेच विचारलं, ‘डी-स्टोनरचं काय म्हणाला होतात?’ मी मोबाईलमधलं कोटेशन काढलं आणि स्टीलच्या आजच्या भावाचा फरक तिथेच उभ्या उभ्या धरून नवा आकडा सांगितला. ते म्हणाले, ‘घ्या करायला.’

शनिवार, 30 नोव्हेंबर

मुदतीचा दिवस. पाच ऑगस्टच्या यादीतली नावं असलेली कामं झाली. किरकोळमधली निम्मी राहिली. त्यातली काही करायची गरजच नव्हती, खोडून टाकली. काकांचा दुसरा चेक जमा, तिसरा डिसेंबरात.

नवी अडचण वेगळ्या जातीची. दर आता पटकन सांगितला जातो म्हणून कामं वाढली, आणि ‘कधी देणार?’ याचं उत्तर मात्र अजून ‘बघू, होऊन जाईल’ असंच जातं. तारीख हाही आकडाच. मामांकडून प्रत्येक कामाचे दिवस मागून घेतले: रोलरवर थर चढवून तो वाळायला किती, चाळणी बदलायला किती, शाफ्टला किती. थर वाळायच्या दिवसांत घाई करता येत नाही, ते धरूनच बोलायचं.

मंगळवार, 3 डिसेंबर

अहमदपूरच्या मिलचा फोन, दोन रोलर 20 डिसेंबरच्या आत हवेत. पूर्वी ‘पाठवून द्या, बघू’ म्हटलं असतं आणि 20 तारखेपासून त्यांचे फोन चुकवले असते. फळ्यावर बघितलं, 28 च्या आधी जागा नाही. फोनवरच सांगितलं, ‘20 जमणार नाही. 28 ला देतो, 28 म्हणजे 28.’ पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाले, ‘एक 20 ला देता का? दुसरा 28 ला.’ मामांना विचारलं, त्यांनी बोटांवर मोजून मान हलवली.

एक 20, एक 28. फळ्यावर लिहिलं. दोन्ही रोलर गुरुवारी येतील. जाड दाण्याचं एक पोतं कमी आहे, उद्या नऊच्या तासात पहिला फोन त्याचा.